मधमाशीचे घर : मातीच्या नळीपासून लाकडी पेटीपर्यंत

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मधाची एखादी बाटली असतेच. कुणी आल्याच्या रसात, कुणी कलौंजीबरोबर तो घेतो. रमजानमध्ये तो दस्तरखानावर येतो. आखातात नोकरीला असलेला भाऊ सुट्टीवर येताना 'सिद्र'चा, म्हणजे आपल्या बोरीच्याच कुळातल्या झाडाचा मध मोठ्या कौतुकाने आणतो. तेव्हा मधाचे महत्त्व आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मकतबात जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते की कुरआन शरीफमधील सोळाव्या सूरहचे नावच 'अन्-नहल', म्हणजे मधमाशी, असे आहे आणि तिच्या ६९व्या आयतीत मधाला 'शिफा' म्हटले आहे.

पण त्याच्या आधीच्या ६८व्या आयतीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती मधाविषयी नाही, घराविषयी आहे. मधमाशीने कोठे राहावे, याच्या तीन जागा तिथे सांगितल्या आहेत : डोंगर, झाडे आणि माणसे जे उभारतात ते. या तिसऱ्या जागेचा अर्थ अनुवादकांनी वेगवेगळा केला आहे. कुणी मांडव म्हटले, कुणी छप्पर, कुणी इमारत. काही भाष्यकारांनी माणसाने मधमाशीसाठी मुद्दाम केलेली घरेही त्यात धरली. धर्मग्रंथातून विज्ञान शोधून काढण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला एवढेच दिसते की मधाच्या आधी घराचा विचार आला आहे, आणि आपण मात्र मध घेतला व घर विसरलो. वाड्या-मोहल्ल्यांत झाडावर मोहोळ दिसले की पेटता टेंभा शोधायचा, ही आपली सर्वसाधारण रीत आहे. म्हणून माणसाने मधमाशीसाठी हाताने बांधलेल्या घराचा इतिहास या लेखात थोडक्यात मांडावा, असे आम्ही ठरवले.

नाईलकाठची मातीची नळी

या इतिहासाचा सर्वांत जुना चित्ररूप पुरावा इजिप्तमध्ये सापडतो. इ. स. पू. २४००च्या सुमारास न्यूसेरे नावाच्या फेरोने अबू घुराब येथे सूर्यमंदिर बांधले. त्या मंदिरातील एका कोरीव शिल्पपट्टात मध काढण्यापासून तो भांड्यांत भरून बंद करण्यापर्यंतची कामे दाखवली आहेत. हा पट्ट आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात एक माणूस एकावर एक रचलेल्या आडव्या नळ्यांसमोर गुडघे टेकून बसला आहे. या नळ्या म्हणजेच मधमाश्यांची घरे. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणूस जंगलात मोहोळ शोधत फिरण्याच्या पुढे गेला होता. त्याने मधमाशीला आपल्या अंगणात आणून वसवले होते.

ही नळी तयार करण्याची पद्धत इजिप्तच्या शेतकऱ्यांनी अगदी विसाव्या शतकापर्यंत टिकवून ठेवली. नाईलचा गाळ आणि भुसा एकत्र मळायचा, तो लव्हाळ्याच्या चटईवर थापायचा, चटई गुंडाळून नळी करायची आणि उन्हात वाळवायची. नळीची लांबी साधारण चार फूट. अशा शेकडो नळ्या आडव्या रचून, मधल्या फटी चिखलाने लिंपून एक भिंतच उभी करायची. आपल्याकडे धान्याची कणगी शेणामातीने सारवतात, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार मुळीच परका वाटणार नाही. ना लोखंड, ना खिळा. माती, भुसा आणि ऊन एवढ्यावर काम.

यातली खरी अक्कल मात्र मातीत नाही, नळीच्या दोन तोंडांत आहे. पुढच्या तोंडाला माश्यांना येण्या-जाण्यापुरते लहान भोक असते. मागचे तोंड मातीच्या झाकणाने बंद केलेले असते. मधमाशीची सवय अशी की ती अंडी आणि पिल्ले दाराजवळच्या पोळ्यांत ठेवते आणि मधाचा साठा दारापासून दूर, आतल्या बाजूला करते. शेतकरी मागचे झाकण काढतो, थोडा धूर देतो, माश्या पुढे सरकतात, आणि तो मागची मधाची पोळी कापून घेतो. पिल्ले शाबूत, राणी शाबूत, घर शाबूत. पुढचे दार माशीचे आणि मागचे माणसाचे, अशी ही वाटणी आहे. मधमाशीचा स्वभाव नीट पाहिल्याशिवाय ती कुणाला सुचणे शक्य नव्हते.

ही रीत एकट्या इजिप्तची राहिली नाही. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात तेल रेहोव येथे उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञांना एका प्राचीन शहराच्या मध्यभागी मधमाश्यांच्या घरांच्या ओळी सापडल्या. हा शोध २००७ साली जाहीर झाला. कच्ची माती आणि गवताच्या काड्या यांपासून केलेली ही पिंपासारखी घरे साधारण ८० सेंटिमीटर लांब होती. एका टोकाला भोक आणि दुसऱ्या टोकाला काढता येणारे झाकण. काळ इ. स. पू. दहावे ते नववे शतक. म्हणजे इजिप्तच्या शिल्पानंतर सुमारे दीड हजार वर्षांनीही दोन तोंडांचे तत्त्व तसेच टिकून होते.

पुढे अरबी भाषेतील विद्वानांनीही या विषयाची दखल घेतली. बाराव्या शतकात अंदलूसमधील इशबीलिया, म्हणजे आजचे स्पेनमधील सेव्हिल, येथील इब्न अल्-अव्वाम याने शेतीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पिके, फळझाडे आणि जनावरे यांच्या जोडीला मधमाश्यांनाही जागा दिली. कैरोचा इतिहासकार अल्-मकरीझी (मृत्यू १४४२) याने तर मधमाशीवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. राजे आणि दुष्काळ यांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला मधमाशीसाठी लेखणी उचलावीशी वाटली, हे आम्हाला आजच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

काश्मीरच्या भिंतीतले घर

आपल्या देशाकडे वळलो तर घरगुती मधमाशीपालनाचे सर्वांत सुंदर उदाहरण काश्मीर खोऱ्यात भेटते. तिथल्या शेतकऱ्याने मधमाशीला अंगणात न ठेवता थेट घराच्या भिंतीत जागा दिली. घर बांधतानाच जाड मातीच्या भिंतीत आरपार गोल पोकळी ठेवायची. आतून ती चिखल व भुशाच्या गिलाव्याने गुळगुळीत करायची. बाहेरच्या बाजूला लहानसे भोक असलेली मातीची थाळी बसवायची आणि खोलीच्या बाजूला दुसरी थाळी लिंपून टाकायची. माश्या बाहेरच्या भोकातून ये-जा करतात. मध घेण्याच्या दिवसांत घरमालक खोलीत बसून आतली थाळी काढतो, गवताच्या काड्यांचा धूर देतो आणि पोळी कापतो. भिंत जाड असल्यामुळे कडाक्याच्या थंडीतही माश्यांना ऊब मिळते. म्हणजे इथेही तीच वाटणी : बाहेरचे दार माशीचे, आतले माणसाचे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट घोड्यांच्या शोधात मध्य आशियाकडे निघाला असता १८२२-२३च्या सुमारास काश्मीरमध्ये राहिला होता. त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८४१ साली प्रसिद्ध झाले. काश्मिरी शेतकरी भिंतीतल्या घरातून माश्यांना न मारता मध कसा काढतात, हे त्याने बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवले आहे. काश्मीरच्या शाली आणि कागदी लगद्याच्या वस्तू जगभर गेल्या. त्याच खोऱ्यातल्या साध्या कास्तकाराचा हा हुनर मात्र आपल्याच शाळांतल्या पुस्तकांत कधी आला नाही.

एका दाराची टोपली आणि गंधकाचा धूर

मूरक्रॉफ्टला ही गोष्ट इतकी नोंदवण्यासारखी का वाटली, हे समजण्यासाठी त्याच्या स्वतःच्या देशात काय चालले होते ते पाहावे लागेल. इंग्लंड आणि उत्तर युरोपात गवताची दोरी वळून तिची उलट्या टोपलीसारखी घरे करत. दिसायला ती फार सुबक. पण तिला खालचे एकच तोंड, आणि पोळी आतून टोपलीलाच चिकटलेली. मध काढायचा तर मागचे दार नाही. म्हणून शरद ऋतूत टोपली एका खड्ड्यावर ठेवत आणि खड्ड्यात गंधक पेटवत. सारी वसाहत मरून पडे आणि मग मध काढला जाई. काही जण टोपलीवर थापट्या मारून माश्यांना दुसऱ्या टोपलीत हाकलत, पण मारून मध घेण्याची रीत शतकानुशतके सुरू राहिली. एका वर्षाच्या मधासाठी पुढच्या सगळ्या वर्षांचा मध जाळण्यासारखे हे होते. तिथला शेतकरी आपल्या शेतकऱ्याहून निर्दय होता असे आम्ही म्हणणार नाही. घराची रचना अशी होती की त्याच्यापुढे सोपा मार्ग तोच होता.

त्या काळातही वेगळी वाट दाखवणारे होतेच. जॉर्ज व्हीलर हा इंग्रज प्रवासी उस्मानी अमलाखालच्या ग्रीसमध्ये फिरला. १६८२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने तिथल्या वेताच्या टोपल्यांचे वर्णन केले आहे. या टोपल्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असत आणि त्यांच्या तोंडावर लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. माश्या प्रत्येक पट्टीला एक पोळे बांधत. पट्टी उचलली की पोळे वर येई. न तोडता पोळे बाहेर काढण्याची ही युक्ती फार मोलाची होती. तीनशे वर्षांनंतर, १९७०च्या दशकात, केनियात कॅनडाच्या सहकार्याने गरीब शेतकऱ्यांसाठी जी स्वस्त पेटी तयार झाली, तिचे तत्त्व हेच होते.

दुसरे नाव फ्रान्स्वा युबेर यांचे. जिनिव्हात १७५० साली जन्मलेल्या या माणसाची दृष्टी तरुणपणीच गेली. तरी त्यांनी मधमाशीचा अभ्यास सोडला नाही. प्रश्न त्यांचे आणि डोळे फ्रान्स्वा ब्युर्नान या त्यांच्या नोकराचे, अशी ती जोडी होती. पोळ्याच्या आत काय चालते हे दिसावे म्हणून त्यांनी लाकडी चौकटी बिजागऱ्यांनी जोडल्या आणि पुस्तकाच्या पानांसारखे उघडणारे घर केले. त्यांचा ग्रंथ १७९२ साली प्रसिद्ध झाला. ज्याला दिसत नव्हते त्याने जगाला मोहोळाचे आतले पान उघडून दाखवले, आणि एका साध्या नोकराच्या हातांचीही इल्मला गरज असते हे ब्युर्नानच्या रूपाने सिद्ध झाले.

पाऊण बोटाहून कमी अंतराचा शोध

आज जगभर जी लाकडी मधपेटी दिसते ती अमेरिकेतील लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांची देणगी. १८१० साली फिलाडेल्फियात जन्मलेले हे गृहस्थ पाद्री होते आणि पेशाने काही काळ शिक्षकही. मुलींच्या शाळेचे काम त्यांनी केले होते. १८५१ साली त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. पेटीत दोन वस्तूंमध्ये साधारण पाव इंचाहून कमी फट राहिली तर माश्या ती झाडाच्या चिकाने बुजवून टाकतात. फट फार मोठी राहिली तर तिथे जादा पोळे बांधतात. पण तीन-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर अंतर ठेवले, तर ते माश्या मोकळे सोडतात. ती त्यांची ये-जा करण्याची गल्ली असते. लँगस्ट्रॉथ यांनी पेटीची भिंत आणि टांगत्या चौकटी यांच्यात सगळीकडे हेच अंतर ठेवले. चौकटी कशालाही चिकटेनाशा झाल्या. कपाटातून पुस्तक काढावे तशी चौकट काढता येऊ लागली.

५ ऑक्टोबर १८५२ रोजी त्यांना या पेटीचे पेटंट मिळाले. त्यातून पैसा मात्र फारसा मिळाला नाही, कारण पेटी इतकी सोपी होती की परवानगी न विचारता ज्याने त्याने ती घरच्या घरी ठोकली. यानंतर १८५७ साली जर्मनीत योहानेस मेरिंग यांनी षट्कोनी खाचांचे मेणपत्रे तयार केले, आणि १८६५ साली फ्रान्झ फोन ह्रुश्का यांनी पोळे गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे यंत्र शोधले. आता पोळे कापायचीही गरज उरली नाही. मध काढून रिकामे पोळे परत माश्यांना देता येऊ लागले.

या सगळ्या शोधाच्या मुळाशी एक अंतर आहे, आणि ते अंतर माणसाने ठरवलेले नाही. लँगस्ट्रॉथ यांनी ते माशीकडून मोजून घेतले. दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी माशी ती पेटी नीट वापरत नाही. मेजवानाने घर पाहुण्याच्या मापाने बांधले पाहिजे, हा या शोधाचा अर्थ आहे.

आपल्या सातेरीचे माप

हीच गोष्ट हिंदुस्थानात पुन्हा एकदा शिकावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगाल आणि पंजाबात इंग्रज अधिकाऱ्यांनी आधुनिक मधमाशीपालनाचे काही प्रयोग केले, पण ते रुजले नाहीत. आपल्याकडे पोकळीत राहणारी, पाळता येणारी माशी म्हणजे सातेरी. ती युरोपच्या माशीहून लहान, तिची वसाहत लहान, तिच्या पोळ्याची घरेही लहान. तिला युरोपीय मापाची पेटी म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाला रिकामा वाडा. ऊब राखता येत नाही, पहारा पुरत नाही, मेणकिडा शिरतो. आणि सातेरीचा स्वभाव असा की जागा पसंत नसली तर ती भांडत बसत नाही, एके दिवशी सारी वसाहत उडून जाते.

हा प्रश्न तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातील फादर न्यूटन यांनी सोडवला. त्यांनी आपल्या माशीच्या मापाची छोटी पेटी तयार केली. लँगस्ट्रॉथच्या चौकटीची लांबी साडेसतरा इंचांच्या वर, तर न्यूटन पेटीच्या पिलाव्याच्या चौकटीची लांबी साधारण आठ इंच. अशा सात चौकटी एका कोठीत. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी गावोगावच्या लोकांना ही पेटी वापरायला शिकवले. आजही ती 'न्यूटन पेटी' म्हणूनच ओळखली जाते. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशीपालन हा ग्रामोद्योग म्हणून वाढवावा अशी शिफारस केली.

महाराष्ट्रात या कामाचे केंद्र महाबळेश्वर झाले. १९४०च्या दशकात मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने तिथे काम सुरू केले आणि १९५२ साली मधमाशीविषयक प्रयोगशाळा उभी राहिली. १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. घाटातल्या जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर आणि आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीवर इथल्या सातेरीने हजारो घरांना जोडधंदा दिला. झाडाच्या ढोलीतली वसाहत संध्याकाळच्या वेळी अलगद काढायची, तिची पोळी केळीच्या सोपाच्या धाग्याने चौकटीला बांधायची, आणि राणी पळू नये म्हणून काही दिवस दाराला राणीद्वार लावायचे, हे कसब डोंगरातल्या माणसांनी हातात मुरवले. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, त्यामागे अनेक दशकांची ही मेहनत आहे.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९६०च्या दशकात हिमाचल प्रदेशातील नागरोटा येथे युरोपीय माशी यशस्वीपणे वसवण्यात आली. ती सातेरीच्या कितीतरी पट मध देते, म्हणून उत्तर भारतात तिचा प्रसार झपाट्याने झाला. तिला तिच्या मापाची मोठी पेटीच लागते. पण आशियात आल्यावर या माशीला व्हरोआ नावाच्या गोचिडासारख्या किडीने गाठले. ही कीड मुळात सातेरीची. सातेरी ती अंगावरून झाडून काढायला शिकलेली आहे, युरोपीय माशी नाही. उलट १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेतील राज्यांत सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या आणि अनेक घरांतल्या पेट्या रिकाम्या झाल्या. वाचलेल्या वसाहतींतून ती माशी हळूहळू पुन्हा उभी राहिली. माशी एका जागेहून दुसऱ्या जागी नेली की तिच्याबरोबर आणखी काय काय प्रवास करते, याचे भान या अनुभवाने दिले.

मध न देणाऱ्या माश्यांची घरे

मधमाशी म्हटली की आपण मोहोळच डोळ्यांसमोर आणतो. पण जगातील माश्यांच्या सुमारे वीस हजार जातींपैकी बहुसंख्य जाती एकट्या राहतात. त्यांना ना राणी, ना मधाचे कोठार. एक मादी जमिनीतल्या बिळात, वाळक्या काटकीत किंवा बांबूच्या नळीत आपली मोजकी अंडी घालते, पिल्लासाठी परागाचा गोळा ठेवते आणि तोंड बंद करून निघून जाते. गुलाबाच्या पानावर कात्रीने कापावा तसा गोल तुकडा गेलेला दिसतो, ते पानकापी माशीचे काम. छपराच्या वाशात भोक पाडणारा काळा भुंगाही याच बिरादरीतला. मध देत नाहीत, पण फळझाडे आणि भाज्या यांच्या परागीकरणात यांचा वाटा मोठा आहे.

यांच्या घरांचा इतिहास सांगताना झां-हेन्री फाब्र या फ्रेंच शिक्षकाची आठवण होते. तरुणपणी तो कार्पांत्राच्या शाळेत शिकवत असताना मुलांना जमीन मोजायला माळावर नेत असे. मुले काम सोडून दगडांशी रेंगाळताना दिसली. पाहतो तो ती दगडावरची मातीची घरटी फोडून गवताच्या काडीने त्यातला मध चाटत होती. त्या घरट्यांनी त्याच्या आयुष्याला वळण दिले. पुढे त्याने वेळूच्या नळ्यांच्या जुड्या आणि काचेच्या नळ्या ठेवून एकट्या माश्यांना त्यांत घर करायला लावले आणि त्यांचे सारे जीवन डोळ्यांनी पाहिले. जपानमध्ये सफरचंदाच्या बागायतदारांनी १९४०च्या दशकापासून अशाच वेळूच्या जुड्या बागेत टांगून माश्यांकडून परागीकरण करून घेतले.

हे घर करायला सुतारही लागत नाही. बोटाहून बारीक पोकळीचा, सहा ते दहा मिलिमीटर व्यासाचा वाळका बांबू घ्यावा. साधारण १५ सेंटिमीटरचे तुकडे असे कापावेत की मागच्या टोकाला गाठ येऊन ते बंद राहील. तोंड घासून गुळगुळीत करावे. वीस-पंचवीस तुकड्यांची जुडी बांधून, पावसाचा मार लागणार नाही आणि सकाळचे ऊन मिळेल अशा भिंतीला हलणार नाही अशी पक्की बसवावी. वापरलेल्या नळ्या दरवर्षी बदलाव्यात, म्हणजे बुरशी आणि कीड साठत नाही. आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीवर अशी जुडी लावली. काही आठवड्यांनी तीन नळ्यांची तोंडे हिरव्या पानांनी बंद झालेली दिसली. तेव्हापासून दगड मारणारी मुलेच तिची राखण करतात. सातवीच्या एका मुलीने विचारले, "सर, या माशीला भाडे कोण मागते?" आम्ही म्हटले, बेटा, ती भाडे आधीच भरते, तुझ्या डब्यातल्या दुधी-भोपळ्याच्या रूपाने.

सातेरीसाठी पेटी करायची असेल तर मात्र माप चुकवून चालत नाही. चांगले वाळलेले लाकूड घ्यावे. आतून रंग किंवा कीटकनाशक लावू नये. चौकटींभोवतीचे अंतर आपल्या माशीच्या मापाचे, म्हणजे सात-आठ मिलिमीटर ठेवावे. पेटी चार पायांवर सावलीत ठेवावी आणि मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत असावा. त्याआधी प्रशिक्षण घ्यावे. ते खादी ग्रामोद्योगाच्या संस्थांकडून मिळते.

हे आम्ही का सांगत आहोत? आपल्या समाजात सुतार आहेत, बागवान आहेत, कमी जमिनीचे शेतकरी आहेत, घरात बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनी आहेत. मधपेटीला जमीन लागत नाही, पडीक कोपरा पुरतो. कांद्याचे बियाणे, डाळिंब, सूर्यफूल, काकडी अशा पिकांना माशी हवी असते आणि औषध-फवारणीने ती कमी होत चालली आहे. अशा वेळी मोहोळ जाळणे म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याचे पीक जाळणे आहे. मोहल्ल्यातल्या इमारतीवर आग्या माशीचे मोहोळ बसले तर लोकांना दूर ठेवावे आणि जाणकार माणसाला बोलवावे. फुलोऱ्याचा हंगाम संपला की आग्या माशी बहुधा स्वतःच निघून जाते.

नाईलकाठच्या शेतकऱ्याकडे माती होती, काश्मीरच्या कास्तकाराकडे भिंत होती, फादर न्यूटन यांच्याकडे फळ्या होत्या, आणि आमच्या मुलांकडे बांबू आहे. साहित्य प्रत्येकाने आपल्या दाराशी असलेले वापरले. पण सगळ्यांनी आधी माशीला काय हवे ते पाहिले आणि मग हात चालवला. आपल्या मकतबांत, शाळांत आणि मशिदींच्या आवारांत जिथे चार फुलझाडे आहेत, तिथे या वर्षी अशी एक जुडी लागली, आणि सूरह अन्-नहल शिकवताना ६९व्या आयतीआधी ६८वी आयतही मुलांना समजावून सांगितली गेली, तरी या लेखाचे काम झाले.